मोठ्या विमानतळावर प्रस्थानद्वार गाठताना : छापील क्रमांक, फलक आणि प्रवाशाची जबाबदारी

नवी दिल्ली : बोर्डिंग पास हाती पडला की आपल्याला विमानापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीची झाली, असा अनेक प्रवाशांचा समज असतो. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केलेला नाही. ८ जानेवारी २०१७ रोजी कोलकात्याहून आगरताळ्याला निघालेल्या काही प्रवाशांना बोर्डिंग पास मिळाले होते, परंतु इंडिगोचे विमान त्यांना न घेताच गेले. ग्राहक मंचांनी प्रवाशांच्या बाजूने दिलेला निर्णय न्यायालयाने २८ जानेवारी २०२० रोजी रद्द केला. बोर्डिंग पास मिळाल्यानंतर सुरक्षा तपासणी पार करून ठरलेल्या वेळेत प्रस्थानद्वारापर्यंत पोहोचणे हे प्रवाशाचे काम आहे आणि प्रत्येक प्रवाशाला सोबत घेऊन द्वारापर्यंत नेण्याचे बंधन कंपनीवर नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

या निकालामुळे ‘गेट’ शोधण्याच्या वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या कामाला कायदेशीर वजन आले आहे. दिल्ली, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद यांसारख्या विमानतळांवर एका छताखाली कित्येक डझन प्रस्थानद्वारे असतात. त्यांचे क्रमांक कोण ठरवते, ते का बदलतात आणि प्रवाशाने नेमके कशावर विसंबावे, हे माहीत असल्यास विमान चुकण्याचे बरेचसे प्रसंग टाळता येतात.

विमानतळ आणि टर्मिनल

योग्य गेटचा शोध घरातून निघण्यापूर्वीच सुरू होतो. एका शहरासाठी एकच विमानतळ, हे समीकरण आता सर्वत्र लागू पडत नाही. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असून मोपा येथून जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली. तिकिटावर दाबोळीसाठी ‘जीओआय’ आणि मोपासाठी ‘जीओएक्स’ असा संकेत असतो. एक विमानतळ दक्षिण गोव्यात वास्कोजवळ, तर दुसरा उत्तरेला पेडणे तालुक्यात असल्याने एका अक्षराकडे झालेले दुर्लक्ष महागात पडू शकते. मुंबई महानगरातही सांताक्रूझ-सहार येथील जुन्या विमानतळाच्या (‘बीओएम’) जोडीला डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ (‘एनएमआय’) कार्यरत झाला आहे.

विमानतळ निश्चित झाला की पुढचा प्रश्न टर्मिनलचा. मुंबईत टर्मिनल १ विलेपार्ले पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्गालगत आहे आणि तेथून देशांतर्गत विमाने सुटतात. २०१४ मध्ये सुरू झालेले टर्मिनल २ सहारला असून तेथून आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत अशी दोन्ही प्रकारची उड्डाणे होतात. एकाच कंपनीची काही विमाने टर्मिनल १ वरून, तर काही टर्मिनल २ वरून सुटत असल्याने केवळ कंपनीच्या नावावरून टर्मिनल ठरवणे धोक्याचे ठरते. मेट्रो मार्गिका ३ वर दोन्ही टर्मिनलसाठी स्वतंत्र स्थानके आहेत.

दिल्लीत तीन टर्मिनल आहेत. टर्मिनल २ आणि ३ एकमेकांजवळ आहेत, तर टर्मिनल १ त्यांच्यापासून काही किलोमीटर दूर आहे. टर्मिनल ३ ला मेट्रोची विमानतळ द्रुतगती मार्गिका जाते, तर टर्मिनल १ ला मॅजेंटा मार्गिका. चुकीच्या टर्मिनलवर उतरलेल्या प्रवाशाला पुन्हा बाहेर पडून रस्त्याने किंवा मेट्रो बदलून जावे लागते. दुरुस्ती आणि नूतनीकरणाच्या कामांमुळे कंपन्यांची टर्मिनल बदलल्याची उदाहरणेही आहेत. त्यामुळे महिनाभरापूर्वी काढलेल्या तिकिटावरील टर्मिनल प्रवासाच्या आदल्या दिवशी पुन्हा पडताळून पाहणे श्रेयस्कर ठरते.

मध्यरात्रीनंतरच्या उड्डाणांबाबत तारखेचा घोळही नेहमीचा आहे. १५ तारखेला ००.३० वाजता सुटणाऱ्या विमानासाठी प्रवाशाने १४ तारखेच्या संध्याकाळीच विमानतळाची वाट धरायला हवी.

एका प्रवासात तीन क्रमांक

भारतातील मोठ्या विमानतळांवर प्रवाशाला एकामागून एक तीन वेगवेगळे क्रमांक भेटतात आणि पहिल्यांदा प्रवास करणाऱ्यांचा गोंधळ येथेच होतो.

पहिला क्रमांक टर्मिनलच्या दर्शनी भागातील प्रवेशद्वाराचा. येथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि ओळखपत्र तपासतात. डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या ‘डिजियात्रा’ सुविधेत चेहऱ्याच्या ओळखीवर प्रवेश मिळतो आणि त्यासाठी स्वतंत्र रांगा असतात. टॅक्सीचालक ‘कोणते गेट?’ असे विचारतो, तेव्हा त्याला हे प्रवेशद्वार अभिप्रेत असते. त्याचा विमानाच्या गेटशी संबंध नसतो.

दुसरा क्रमांक किंवा अक्षर चेक-इन काउंटरच्या रांगेचे. सामान जमा करायचे असल्यास येथे थांबावे लागते. केवळ हातातील सामान असलेला आणि ऑनलाइन चेक-इन केलेला प्रवासी थेट सुरक्षा तपासणीकडे जाऊ शकतो.

तिसरा क्रमांक प्रस्थानद्वाराचा, म्हणजेच बोर्डिंग गेटचा. तो सुरक्षा तपासणीच्या पलीकडे असतो आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात इमिग्रेशनच्याही पलीकडे. विमानात प्रवेश मिळतो तो याच द्वारातून. बोर्डिंग पासवर हा क्रमांक आणि आसन क्रमांक शेजारी-शेजारी छापलेले असतात. आसन क्रमांकात आकड्यानंतर अक्षर येते, तसेच काही गेटच्या क्रमांकातही येते. ‘१४ बी’ हे आसन आहे की द्वार, हे पासवरील रकान्याचे शीर्षक वाचूनच ठरवावे.

गेट कसे ठरते आणि का बदलते

प्रस्थानद्वार हे मुळात इमारतीतील एका दाराचे नाव असले, तरी प्रत्यक्षात त्याचा संबंध बाहेर विमान उभे राहण्याच्या जागेशी असतो. मोठ्या विमानतळावरील नियंत्रण कक्ष दिवसभरातील विमानांना या जागा नेमून देतो. हे नियोजन करताना विमानाचा आकार, एरोब्रिजची उपलब्धता, उड्डाण देशांतर्गत आहे की आंतरराष्ट्रीय, आधीचे विमान केव्हा हलणार आणि कंपनीचे कर्मचारी व यंत्रसामग्री कोठे आहे, अशा अनेक बाबी पाहिल्या जातात.

बहुतांश देशांतर्गत विमाने दिवसातून अनेक फेऱ्या करतात. पुण्याहून दिल्लीला आलेले विमान तासाभरात दुसऱ्या शहराकडे निघते. येणारे विमान उशिरा आले, आधीचे विमान तांत्रिक कारणाने जागेवरच अडकले किंवा कंपनीने ऐनवेळी वेगळ्या आकाराचे विमान वापरले, की नियोजनातील एक सोंगटी हलते आणि तिच्यामागोमाग इतर सोंगट्याही हलवाव्या लागतात. धुक्याच्या दिवसांत दिल्लीत आणि मुसळधार पावसात मुंबईत हे अधिक घडते.

एरोब्रिजची संख्या मर्यादित असते. २०१० मध्ये दिल्लीचे टर्मिनल ३ खुले झाले, तेव्हा तेथे ७८ एरोब्रिज होते. तरीही गर्दीच्या वेळी सर्व विमानांना इमारतीलगत जागा मिळत नाही. उरलेली विमाने दूरच्या तळावर उभी राहतात आणि प्रवाशांना बसने तेथे नेले जाते.

या पार्श्वभूमीवर बोर्डिंग पासवरील गेट क्रमांकाचे स्वरूप लक्षात घ्यायला हवे. पास ज्या क्षणी तयार झाला, त्या क्षणाच्या नियोजनातील तो क्रमांक असतो. आदल्या दिवशी ऑनलाइन चेक-इन केल्यास तो रकाना अनेकदा रिकामाच असतो. पास छापल्यानंतर झालेला बदल कागदावर उमटत नाही. मोबाइलवर जपून ठेवलेले छायाचित्रही जुनेच राहते. त्यामुळे सुरक्षा तपासणी संपताच जवळच्या माहिती फलकावर क्रमांक पडताळणे आणि गेटजवळ बसल्यानंतरही अधूनमधून फलकाकडे पाहणे आवश्यक ठरते.

फलक वाचण्याची रीत

फलकावरील नोंदी साधारणपणे सुटण्याच्या वेळेनुसार लावलेल्या असतात. मुंबई-दिल्ली किंवा दिल्ली-बेंगळुरू यांसारख्या वर्दळीच्या मार्गांवर थोड्या-थोड्या अंतराने विमाने सुटतात, कधी एकाच कंपनीची दोन विमानेही पाठोपाठ असतात. म्हणून शहराचे नाव पाहून गेट ठरवू नये. कंपनीचा संकेत आणि त्यापुढील आकडे मिळून तयार होणारा उड्डाण क्रमांक पूर्ण जुळवून पाहावा.

आंतरराष्ट्रीय प्रवासात एकाच विमानाला दोन किंवा अधिक उड्डाण क्रमांक असू शकतात. दोन कंपन्यांनी भागीदारीत तिकिटे विकली की असे होते. फलकावर हे क्रमांक आलटून पालटून झळकतात. आपला क्रमांक लगेच दिसला नाही, तर काही सेकंद थांबावे आणि तिकिटावर ‘ऑपरेटेड बाय’ या शब्दांपुढे दिलेल्या कंपनीची नोंद शोधावी.

स्थितीदर्शक शब्दांचाही ठरावीक क्रम आहे. ‘गेट ओपन’ म्हणजे द्वारावर कर्मचारी हजर झाले आहेत. ‘बोर्डिंग’ म्हणजे प्रवाशांना आत सोडणे सुरू आहे. ‘फायनल कॉल’ ही अखेरची सूचना. ‘गेट क्लोज्ड’ दिसल्यानंतर विमान खिडकीतून समोर उभे दिसत असले, तरी आत प्रवेश मिळत नाही. ‘डिलेड’ अशी नोंद असल्यास गेट सोडून दूर जाणे टाळावे. उशीर कमी झाल्यास नवी वेळ पुन्हा अलीकडे येऊ शकते.

शांत विमानतळांवर नजर हेच साधन

रेल्वे स्थानकावरील उद्घोषणांची सवय असलेल्या प्रवाशाला मोठ्या विमानतळावर एक वेगळीच अडचण येते. मुंबई, दिल्ली आणि बेंगळुरूसह अनेक विमानतळांनी ‘शांत विमानतळ’ ही पद्धत स्वीकारली आहे. तेथे प्रत्येक विमानाची घोषणा संपूर्ण टर्मिनलभर होत नाही. प्रवाशांना फलक, लघुसंदेश आणि गेटजवळील मर्यादित सूचनांवर अवलंबून राहावे लागते.

विमानतळांवरील घोषणा आधी स्थानिक भाषेत, नंतर हिंदीत आणि त्यानंतर इंग्रजीत कराव्यात, असे निर्देश डिसेंबर २०१८ मध्ये देण्यात आले. शांत विमानतळांना मात्र ते लागू नाहीत. परिणामी, ज्या प्रवाशाला इंग्रजी वा हिंदी फलक वाचणे अवघड जाते, त्याला सर्वात मोठ्या विमानतळांवर कानाचा आधार कमीच मिळतो. अशा प्रवाशाला एकट्याने पाठवताना तिकीट काढतेवेळी नोंदवलेला मोबाइल क्रमांक त्याच्याच हातातील फोनचा असावा. गेटबदलाचा संदेश त्याच क्रमांकावर येतो. प्रवासी प्रतिनिधी किंवा मुलांनी स्वतःचा क्रमांक दिलेला असल्यास संदेश भलतीकडेच पोहोचतो.

अंतर, मजले आणि बस

गेट क्रमांक कळला म्हणजे गेट जवळ आले, असे नव्हे. मोठ्या टर्मिनलची रचना मध्यवर्ती दालन आणि त्यातून निघालेल्या लांब भुजा अशी असते. मुंबईच्या टर्मिनल २ चा आराखडा इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारखा आहे. दिल्लीच्या टर्मिनल ३ मध्ये टोकाच्या द्वारापर्यंत सरकत्या पट्ट्यांचा उपयोग करूनही बराच वेळ चालावे लागते. चुकीच्या भुजेत शिरलेल्या प्रवाशाला मध्यवर्ती दालनापर्यंत परत येऊन पुन्हा तितकेच अंतर कापावे लागते. त्यामुळे दुकाने वा उपाहारगृहाकडे वळण्याआधी गेट प्रत्यक्ष पाहून येणे आणि मग उरलेला वेळ मोजणे सोयीचे असते.

बसने जाण्याची द्वारे अनेकदा खालच्या मजल्यावर असतात. अशा द्वारांच्या क्रमांकाला काही ठिकाणी अक्षर जोडलेले असते आणि साधा क्रमांक वरच्या मजल्यावरील एरोब्रिजचा असतो. म्हणजे एकच आकडा दोन मजल्यांवर दिसू शकतो आणि फरक केवळ अक्षराचा असतो. आकड्यासोबतचे अक्षर व बाणाची दिशा ही दोन्ही पाहावीत. बसच्या द्वारांवर शेजारी-शेजारी दोन विमानांच्या रांगा लागतात. द्वारावरील यंत्र पास तपासत असल्याने चूक बहुधा तेथेच उघड होते, परंतु चुकीच्या रांगेत गेलेली दहा मिनिटे परत मिळत नाहीत.

परदेशात हे अंतर आणखी वाढते. दुबईच्या टर्मिनल ३ मध्ये ‘ए’ अक्षराने सुरू होणाऱ्या द्वारांकडे जाण्यासाठी विमानतळांतर्गत रेल्वेने जावे लागते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर टर्मिनल ५ च्या ‘बी’ आणि ‘सी’ द्वारांसाठी भुयारी गाडी आहे. गेट क्रमांकाचे पहिले अक्षर हे तेथे इमारतीचे नाव असते.

पंचवीस मिनिटांचा हिशेब

देशांतर्गत उड्डाणांसाठी प्रमुख कंपन्या सामान्यतः सुटण्याच्या ६० मिनिटे आधी चेक-इन काउंटर आणि २५ मिनिटे आधी प्रस्थानद्वार बंद करतात. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी कंपनीनिहाय मर्यादा वेगळ्या असतात. पासवर ठळक छापलेली वेळ बोर्डिंग सुरू होण्याची आहे की विमान सुटण्याची, हे पाहणे गरजेचे आहे. सुटण्याची वेळ म्हणजे गेटवर पोहोचण्याची वेळ नव्हे.

एवढ्या लवकर द्वार बंद करण्यामागे कारणे आहेत. आत आलेल्या प्रवाशांची मोजणी होते, विमानाच्या वजनाचा आणि तोलाचा अंतिम तक्ता वैमानिकाकडे जातो आणि दारे बंद करून उड्डाणाची परवानगी मागितली जाते. त्याहून महत्त्वाचे कारण सुरक्षेचे आहे. सामान जमा करून प्रवासी विमानात आला नाही, तर त्याचे सामान शोधून उतरवावे लागते.

या नियमामागे एक मोठी शोकांतिका आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरावर बॉम्बस्फोटाने नष्ट झाले आणि त्यातील सर्व ३२९ जणांचा मृत्यू झाला. ज्या प्रवाशाच्या नावे स्फोटके असलेली बॅग सोपवण्यात आली होती, तो स्वतः विमानात चढलाच नव्हता. त्यानंतर प्रवासी आणि त्याचे सामान यांचा मेळ घालण्याची पद्धत जगभर कडक करण्यात आली. गेटवर न पोहोचलेल्या एका प्रवाशामुळे संपूर्ण विमानाचा खोळंबा होतो तो यामुळे.

ज्येष्ठ, दिव्यांग आणि विमान बदलणारे प्रवासी

चालण्यास त्रास असलेल्या प्रवाशांनी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच किंवा किमान ४८ तास आधी मागावी. अशी मदत घेतलेल्या प्रवाशाला कंपनीचा मदतनीस सुरक्षा तपासणीतून गेटपर्यंत नेतो. मदतनीस प्रवाशाला वाटेत बसवून गेला, तर त्याच्या परतण्याची वेळ विचारून घ्यावी आणि गेट बदलल्यास जवळच्या कर्मचाऱ्याला लगेच सांगावे.

मध्ये विमान बदलणाऱ्यांसाठी तिकीट एकच आहे की दोन, हा मुद्दा निर्णायक असतो. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले, तर पुढची सोय कंपनी पाहते. दोन स्वतंत्र तिकिटे असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तो प्रवासी केवळ उशिरा आलेला ठरतो. नागपूर वा पुण्याहून दिल्लीच्या टर्मिनल १ वर उतरून टर्मिनल ३ वरून परदेशी जाणाऱ्याने सामान घेणे, बाहेर पडणे, टर्मिनल बदलणे, पुन्हा प्रवेश, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी या सर्वांचा वेळ धरावा.

द्वार बंद झाल्यानंतरचे हक्क

गेट बंद झाल्यावर पोहोचलेल्या प्रवाशाची नोंद ‘नो-शो’ अशी होते आणि तिकिटाचे मूळ भाडे बहुधा बुडते. तथापि सर्वच रक्कम बुडत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार तिकिटातील वैधानिक कर तसेच वापरकर्ता विकास शुल्क, विमानतळ विकास शुल्क आणि प्रवासी सेवा शुल्क हे ‘नो-शो’ प्रवाशालाही परत मिळतात. मूळ भाडे परत न मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटांनाही ही तरतूद लागू आहे. यासाठी कंपनीकडे मागणी नोंदवावी लागते आणि अनेक प्रवासी ती नोंदवत नाहीत.

वेळेत पोहोचूनही जागा नसल्याच्या कारणाने प्रवेश नाकारला गेला, तर गोष्ट वेगळी. क्षमतेपेक्षा अधिक तिकिटे विकल्याने निश्चित तिकीटधारकाला मागे ठेवल्यास कंपनीने एका तासाच्या आत सुटणारे पर्यायी विमान द्यावे लागते. ते न दिल्यास भरपाई देय होते. पर्यायी विमान २४ तासांच्या आत असल्यास एकेरी मूळ भाडे आणि इंधन शुल्क यांच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये आणि त्याहून उशिरा असल्यास ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये, असे तिचे स्वरूप आहे. गेटबदलाची सूचना मिळाली नाही, अशी तक्रार असल्यास फलकाचे वेळेसह छायाचित्र, आलेले लघुसंदेश आणि बोर्डिंग पास जपून ठेवावेत. कंपनीकडून समाधान न झाल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ संकेतस्थळावर दाद मागता येते.

कोणताही पुरावा मात्र सुटलेले विमान परत आणत नाही. २०२० च्या निकालानंतर तर प्रवाशाची बाजू सिद्ध होण्यासाठी तो स्वतः वेळेत योग्य द्वारासमोर होता, हे आधी दिसावे लागते. विमानतळ आणि टर्मिनल आदल्या दिवशी पडताळणे, सुरक्षा तपासणीनंतर पहिल्या फलकावर उड्डाण क्रमांक जुळवणे, गेट प्रत्यक्ष पाहून येणे आणि द्वार बंद होण्याची वेळ लक्षात ठेवणे, एवढे केल्यास तसे सिद्ध करण्याची वेळच सहसा येत नाही.